अमावस्येचं पाणी

मुकादमाने उघाडीच्या फळीत बोट खुपसलं आणि ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं. लाकूड कसलं, पाण्यात बुडवलेला पाव झाला होता त्याचा. बोट बाहेर काढून त्याने ते भिंगरीच्या बाबांच्या खांद्यावरच्या टॉवेलला पुसलं. टॉवेल जणू दोरीवर वाळत घातला होता आणि त्याखाली माणूस नव्हताच.

"हे दार आहे होय रे, दगडफोड्या? याला फुंकर मारली तर खाडी आत येईल."

"आलो तेव्हापासून असंच आहे, साहेब," बाबा म्हणाले. ते गुडघाभर चिखलात उभे होते आणि मुकादम वर, कोरड्या बांधावर.

"आलास तेव्हा वाफेपण फुकटच मिळाले की! ते नाही बोललास. हे बघ, अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी मी येणार. नवं दार दिसलं तर मिठागर तुझं, नाहीतर घ्यायला माणसं रांगेत उभी आहेत."

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. भरतीला ते उचलायचं, खारं पाणी आत घ्यायचं आणि दार पाडायचं. मग ते पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात उन्हाने आटत जातं आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. दार गेलं की खाडी आत आणि मीठ पाण्यात, इतका सरळ हिशोब.

भिंगरीचं घर दहा-बारा दिवसांपूर्वीपर्यंत दगडाच्या खाणीवर होतं. खाण बंद पडली तसे ते तिघं ट्रकच्या मागे बसून इथे आले. समुद्र त्यांनी आधी पाहिलाच नव्हता. आले तेव्हा पौर्णिमेला दोन दिवस होते. खाडी चढत चढत बांधाच्या कडेशी आली, तेव्हा आईने सगळी भांडी खाटेवर चढवली होती. मग चंद्र कलेकलेने उतरायला लागला आणि पाणीही उतरलं. पौर्णिमा धरून आठव्या दिवशी अर्धा चंद्र राहिला, तर पाणीही अर्ध्यावर.

बाबांना त्यातून मोठा शोध लागला होता. मुकादम गेल्यावर ते खूश होऊन म्हणाले, "बरं झालं अमावस्या म्हणाला! चंद्र मोठा तर पाणी मोठं. चंद्र अर्धा तर पाणी अर्धं. अमावस्येला चंद्रच नाही, म्हणजे पाणी मेलेलं. त्या दिवशी सकाळी जुनं दार उपसू आणि संध्याकाळपर्यंत नवं ठोकू. सुतार आदल्या दिवशी फळ्या देतो म्हणालाय."

"कुणाला विचारायचं का पण?" आई म्हणाली.

"कुणाला? शेजारच्या मिठागरवाल्यांना? ते हसायलाच टपलेत. मी फावडं धरतो त्यालाही हसतात. डोळ्याने दिसतंय ते विचारायचं कशाला?"

डोळ्याने दिसत होतंच. भिंगरीलाही दिसत होतं. पण भिंगरीला एक खोड होती: दिसलं की ती मोजायची. खाणीवर ट्रक मोजायची, इथे पाणी मोजायला लागली. उघाडीच्या खांबावर पाणी कुठवर चढून गेलं, त्याचा ओला पट्टा राहतो आणि पट्ट्याच्या वर फेसाची पांढरी रेघ. शाळेतून आलं की दप्तर खांद्यावर असतानाच ती खांबाशी जाऊन विती आणि बोटं मोजायची आणि गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायची.

नवव्या दिवशी पाणी सगळ्यात कमी, चार विती. दहाव्या दिवशी चार विती दोन बोटं. ती म्हणाली, असेल. अकराव्या दिवशी साडेचार विती! आणि चंद्र? चंद्र तर रोज झिजतच होता.

"बाबा, पाणी चढतंय."

"वारा आहे."

"चंद्र कमी होतोय आणि पाणी वाढतंय. तुमचं गणित चुकलं."

"माझं गणित?" बाबांनी वाफ्यातलं मीठ ओढायची लांब दांड्याची फळी थांबवली. त्यांच्या तळव्यांना मिठाने भेगा पडल्या होत्या आणि त्या भेगांत मीठच जाऊन बसत होतं. "भिंगरे, शहाणपण उतू चाललंय तुझं. वारा पाणी ढकलतो. जा, आईला पाणी शेंदू लाग."

दुसऱ्या दिवशी तिने शाळेत विचारलं. सरांनी फळ्यावर तीन गोल काढले आणि सांगितलं, "पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. रोज थोडी थोडी जास्त पडते आणि अमावस्येला सगळा चंद्र झाकून जातो. कळलं?"

भिंगरी उभी राहिली. "सर, सकाळी येताना चंद्र आकाशात होता. सूर्यपण होता. दोघं एकाच बाजूला. आपण तर खाली, मग आपली सावली त्याच्यावर पडेल कशी? सावली सूर्याच्या उलट्या बाजूला पडते ना?"

वर्गात कोणीतरी खुदकन हसलं. सर म्हणाले, "चंद्र रात्रीचा असतो. दिवसा काय बघितलंस तू, ढग?"

मग काय, सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरून "ढगातली चांदोबाई" असं नावही पडलं. भिंगरी खाली बसली. कान गरम झाले होते. पण गंमत अशी की रडू काही आलं नाही. चंद्र तिने पाहिला होता. हसण्याने काय तो पुसला जाणार होता?

तेराव्या दिवसापासून शाळेला सुट्टी लागली. सकाळी ती बांधावर गेली तर सूर्य चांगला वर आला होता आणि त्याच्या आधी, त्याच्याहून वर, नखाच्या कडेएवढा चंद्र. हात लांब करून तिने मुठी मोजल्या. अर्धा होता तेव्हा दोघांत नऊ मुठी अंतर होतं. रोज एक मूठ आणि वर एखादं बोट कमी होत होतं. आज जेमतेम अडीच.

तिने चिखलाचा एक गोळा वळून काल वाफ्याच्या काठावर वाळत ठेवला होता. मिठाने तो पांढरा पडला होता. तो काठीवर खोचून तिने चंद्राच्या शेजारी धरला आणि ती ओरडलीच, "आई! अगं आई, इकडे ये!"

आई कमरेला पदर खोचून धावत आली, तिला वाटलं साप निघाला. "काय गं? कुठे आहे?"

"हा गोळा बघ. कुठल्या बाजूने उजळलाय?"

"सूर्याच्या. थोडीशी कड."

"आता चंद्र बघ."

आईने डोळ्यांवर हात धरला. बघितलं. परत गोळा बघितला. "तीच बाजू. तेवढीच कड. अगं बाई."

"त्याला कोणी खात नाही, कोणी झाकत नाही. तो अख्खाच असतो गं. उजळलेली बाजू आपल्याकडे किती वळते एवढंच. आणि तो रोज सूर्याच्या जवळ जवळ सरकतोय. अमावस्येला मरत नाही तो, सूर्याच्या शेजारी जाऊन बसतो, म्हणून दिसत नाही!"

"म्हणजे दिवसाढवळ्या आपल्या डोक्यावरून जातो?"

"हो. आणि कोणाला पत्ताच नाही."

आई कमी बोलायची, पण एकदा बोलली की त्या बोलण्याला वजन असायचं. "मग बाबा म्हणतात तसं नाही. चंद्र तिथेच, तर पाणीही तिथेच. चल माझ्याबरोबर."

शेजारच्या मिठागरावर तात्या होते. मिठात सत्तर वर्षं काढलेला म्हातारा, पायाच्या नखांसकट पांढरा झालेला. आईने आडपडदा न ठेवता विचारलं, "तात्या, अमावस्येला पाणी किती असतं?"

तात्या फावड्यावर रेलून एवढे हसले की त्यांना खोकला आला. "अमावस्येला? अहो, त्या दिवशी तर खाडी बांधावर मांडी घालून बसते! पौर्णिमेला उधाण तसं अमावस्येला उधाण."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"कोणी विचारलं? आग भाजते हे तरी मी तुम्हाला कुठे सांगितलं?"

"पण का येतं उधाण?" भिंगरी मध्येच घुसली. "चंद्र सूर्याच्या शेजारी जातो म्हणून का?"

"सूर्याच्या? छे गं पोरी. चंद्र समुद्रात विरघळतो. मिठाच्या खड्यासारखा. एवढा मोठा खडा आत पडला की पाणी वाढणारच ना!"

परत येताना आई म्हणाली, "म्हातारा चुकला का बरोबर?"

"पाण्यात बरोबर. चंद्रात चुकला."

पण घरी बाबांनी वेगळाच फाटा फोडला. "तात्याने सांगितलं? त्याच्या पुतण्याला हे वाफे हवेत. आपण दार काढू नये, मुदत टळावी, म्हणून घातलेली काडी आहे ती. आणि तुम्ही दोघी घेऊन आलात ती घरात!" त्यांचा आवाज चढला होता. अपमान गिळून गिळून माणूस असा होतो, की कोणी खरं सांगितलं तरी त्यात काटाच शोधतो.

भिंगरीने वाद घातला नाही. हातोडा घेतला, एक खिळा घेतला आणि बाबांचा हात धरून त्यांना ओढतच उघाडीपाशी नेलं. आजचा ओला पट्टा होता साडेपाच वितींवर. तिने त्याच्या वर चार बोटं मोजली आणि तिथे खिळा ठोकला.

"उद्या चंद्र आजच्याहून बारीक असेल. बरोबर?"

"बरोबर."

"तुमच्या गणिताने पाणी आजच्या खाली राहायला पाहिजे. माझ्या गणिताने खिळा भिजेल. आणि आज पाणी साडेदहाला भरलं होतं. उद्या सव्वाअकराला भरेल. चंद्र रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं उशीर करतो, आपल्या शाळेच्या बससारखा. खिळा कोरडा राहिला तर मी परत तोंड उघडणार नाही."

"तोंड उघडणार नाही? तू?" बाबांना इतक्या रागातही हसू आलं. "एवढ्यासाठी तरी खिळा कोरडा राहावा."

"आणि वारा नाहीये आज. उद्याही नसला तर त्याच्यावर ढकलायचं नाही."

चौदाव्या दिवशी वारा नव्हता. खाडी आरशासारखी होती. अकरा वाजता तिघं खांबापाशी उभे. चंद्र सूर्याच्या प्रकाशात कुठे दिसेनासाच झाला होता. पाणी मुकाट्याने चढत होतं. पाच विती. साडेपाच. आई जिभेने ओठ ओले करत होती. खिळ्याच्या खाली दोन बोटं, मग एक, आणि मग एक छोटीशी लाट आली, खिळ्याला चाटून गेली आणि परत गेलीच नाही. बाबांनी खिशातला मोबाइल काढला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

बाबांनी मोबाइल परत खिशात ठेवला. मग खाली बसून त्यांनी कुजक्या फळीवरून हात फिरवला.

"उद्या सकाळी हे काढलं असतं मी," ते म्हणाले. "बाराला खाडी घरात असती."

"आता काय करायचं?" आईने विचारलं.

"मुदत तर बदलत नाही," भिंगरी म्हणाली. "दार बदलायचंच. पण आधी त्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला, दुसरा बांध घालायचा. पौर्णिमेचं पाणी सात विती होतं. त्याच्या वर चार बोटं. त्याच्या आडोशाला दार काढायचं."

"एका दिवसात?"

"एका ओहोटीत आणि अजून एका ओहोटीत," आई म्हणाली आणि पदर खोचायला लागली. "खाणीत आपण ट्रक भरलेत. चिखलाला काय भिऊन चालायचं?"

संध्याकाळी पाच वाजता पाणी मागे गेलं आणि चिखल उघडा पडला. बाबा फावड्याने गोणीत चिखल भरत, आई तोंड शिवे आणि दोघी मिळून गोणी ओढत नेत. चिखल पायाला धरून ठेवत होता. एक पाय उपसावा तर दुसरा रुते. दुसऱ्याच खेपेला भिंगरीची चप्पल आत गेली ती गेलीच. शिंपल्याने टाच कापली आणि त्यात खारं पाणी गेल्यावर तिने अशी बोंब मारली की तात्या आपल्या बांधावर आले.

"काय चाललंय हे दगडफोड्यांचं?"

"भिंत बांधतोय," बाबा ओरडले. "तुमचा चंद्र विरघळायच्या आत!"

तात्यांनी थोडा वेळ पाहिलं. मग म्हणाले, "गोण्या उभ्या नका लावू रे. आडव्या. आणि सांधा सांध्यावर आणू नका. भिंत बांधताय म्हणता आणि एवढं कळत नाही?" बाबांनी एक क्षण मान वर केली, आणि मग गोण्या आडव्या केल्या. कोणी विचारलं नव्हतं, तरी यावेळी तात्यांनी सांगितलं होतं.

अंधार पडेपर्यंत निम्मा बांध झाला. सकाळी साडेपाचला पाणी पुन्हा मागे गेलं तेव्हा तिघंही आधीच तिथे होते. बाबांच्या तळव्याच्या भेगांतून रक्त येत होतं. त्यांनी फडकं गुंडाळलं आणि फावडं उचललं. भिंगरीचे हात दहा वाजेपर्यंत लुळे पडले, ती गोण्या ओढायच्या सोडून ढकलायला लागली. साडेदहाला सातवी वीत आणि वर चार बोटं पुरी झाली. आडोशाला बाबांनी जुन्या फळ्या उपसल्या. एक तर हातातच तुटली. सुताराने आदल्या रात्री आणून टाकलेल्या नव्या फळ्या खाचेत बसवल्या, बाजूंनी चिकणमाती दाबली. हातोड्याचे घाव पडत होते आणि बांधापलीकडे पाणी चढत होतं.

बारा वाजता ते बांधाच्या वरच्या कडेपासून चार बोटांवर येऊन थांबलं. बरोबर चार!

"पोरीने सांगितलं होतं!" बाबा तात्यांच्या दिशेने ओरडले. "बोटं मोजून सांगितलं होतं!" त्यांनी भिंगरीला उचलून गोल फिरवलं. चौदा वर्षांची पोर, चिखलाने दुप्पट झालेली, तरी उचललं. ती आकाशाएवढी झाली होती. तिला वाटलं, आत्ता सर इथे हवे होते. अख्खा वर्ग हवा होता.

संध्याकाळी, आजचा आकडा लिहावा म्हणून, तिने वही उघडली. सात विती. आणि मग सहज मागचे आकडे पाहिले. पौर्णिमा: सात विती. दुसरा दिवस: सात विती तीन बोटं. तिसरा दिवस... तो आकडा खोडलेला होता. तिनेच खोडला होता. बाजूला तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: वाऱ्यामुळे.

खोडलेल्या रेघेखालून तिने आकडा वाचला. सात विती आणि सहा बोटं.

तिने दोन्ही आकड्यांवर बोटं ठेवली. उधाण पौर्णिमेच्या दिवशी सर्वांत मोठं नव्हतंच. ते दोन दिवस उशिरा आलं होतं. म्हणजे अमावस्येचंही परवाच येणार. सात विती सहा बोटं, आणि बांध सात विती चार बोटं. नव्या फळ्या अजून फुगून घट्ट बसल्या नव्हत्या, खांबाभोवतीची माती ओली होती. वरून पाणी पडलं तर ती माती साबणासारखी वाहून जाणार आणि दार मागोमाग.

बाबा खाटेवर पालथे पडले होते. आई त्यांच्या पाठीला तेल चोळत होती. इतक्या दिवसांनी घरात हसण्याचा आवाज होता. भिंगरी दारात उभी राहिली. न सांगताही चाललं असतं ना? कदाचित खरंच वारा असेल. वारा! तिला स्वतःचाच राग आला.

"बाबा, मी चुकले."

बाबांनी मान वळवली.

"सगळ्यात मोठं पाणी आज नव्हतं. परवा आहे. दोन बोटं बांधावरून जाईल. माझ्याकडे आकडा होता आणि मीच खोडला. माझ्या गणितात बसत नव्हता म्हणून खोडला. वारा आहे म्हणाले."

आईचा हात थांबला. आता बाबा ओरडतील असं भिंगरीला वाटलं. ते उठून बसले, कण्हत कण्हत, एकेक हाड मोजत.

"परवा ना? उद्या नाही?"

"परवा. दीडच्या सुमारास."

"मग ओहोट्या किती मिळतात मध्ये?"

"उद्या दोन. परवा सकाळची एक."

"तीन मिळतात आणि रडतेस काय? एका वितीच्या उंचीला तीन ओहोट्या म्हणजे चैन आहे." त्यांनी फडकं पुन्हा तळव्याला गुंडाळलं. "आणि चूक तू सांगितलीस. मी असतो तर वाऱ्यालाच धरून बसलो असतो. बसलोच होतो."

दुसऱ्या दिवशी मुकादम आला तेव्हा तिघंही चिखलात होते. त्याने नवं दार ठोकून पाहिलं, बोट खुपसलं, बोट वळलं पण आत गेलं नाही. "झालं की मग! आता कशाला मरताय? अमावस्या गेली. पाणी उतरायला लागलं."

"नाही साहेब," बाबा म्हणाले. "उद्या दीड वाजता आजच्याहून वर येईल."

"तुला कोणी सांगितलं, दगडफोड्या?"

बाबांनी गोणी खाली ठेवली. "उद्या दीडला या. पायात जुन्या चपला घालून या."

मुकादम हसत गेला. पण आला. बूट घालूनच आला. सतराव्या दिवशी दुपारी तात्याही आपल्या बांधावर येऊन बसले होते. आभाळ स्वच्छ, वाऱ्याची झुळूक नाही, चंद्र कुठे दिसत नाही. आणि खाडी येत होती. सात विती झाल्या. चार बोटं झाली, जिथे परवा बांध संपत होता ती गोण्यांची रांग बुडाली. पाणी बांधाच्या कुशीतून झिरपून मुकादमाच्या बुटाखाली आलं. तो एक पाऊल मागे सरला, मग आणखी एक.

"थांबेल का हे?" त्याने विचारलं, आणि विचारताना प्रथमच बाबांच्या तोंडाकडे पाहिलं.

बाबांनी भिंगरीकडे पाहिलं. ती गोणीवर पालथी पडून बोटं लावत होती. पाच. सहा. अजून चढत होतं. सहाच्या वर अर्धं. आई खांबाभोवतीच्या मातीला दोन्ही तळवे दाबून उभी होती, जणू भिंत तिच्याच हातांनी धरली होती. दारातून पाण्याची एक धार सुटली, आईने मुठीने चिखल कोंबला, धार थांबली. एक काडी पाण्यावर बांधाच्या कडेने पुढे सरकत होती. ती थांबली. तशीच राहिली. मग हळूच, अगदी हळूच, खाडीच्या दिशेने मागे फिरली.

"उतरलं," भिंगरी म्हणाली.

मुकादमाने रुमाल काढून कपाळ पुसलं. स्वतःच्याच रुमालाने. "पुढच्या हंगामाचंही तुमच्याच नावावर धरतो," तो बाबांना म्हणाला. तुमच्या, असं म्हणाला. मग थोडं घुटमळून, "पुढचं मोठं पाणी कधी म्हणायचं?"

बाबांनी हनुवटीने पोरीकडे खूण केली. मुकादम वळला, आणि चिखलात बसलेल्या, एका पायात चप्पल नसलेल्या पोरीपुढे थोडा वाकून उभा राहिला.

उत्तर भिंगरीच्या ओठावर होतं. पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी, दुपारी दीडला, अमुक विती, अमुक बोटं. चार दिवसांपूर्वी तिने ते धाडकन फेकून दिलं असतं. तिने ते गिळलं, बोटांवरचा चिखल फ्रॉकला पुसला आणि म्हणाली,

"पंधरा दिवस आहेत, साहेब. मोजते, मग सांगते."